आईला कॉन्स्टँटिनोपल दाखवलं

२८ मार्च, पामर्स्टन नॉर्थ

तिकिटं काढली. ऑकलंडहून इस्तंबूल, तिथं चार-पाच दिवस, मग मुंबईमार्गे नागपूर. आईला सांगितलं तेव्हा ती फ्लॉवर निवडत होती. सुरी तशीच हातात ठेवून म्हणाली, "म्हणजे कॉन्स्टँटिनोपल?"

नागपूरच्या महापालिका शाळेत तिनं उभी हयात इतिहास शिकवला. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. हे वाक्य मीसुद्धा तिच्याच वर्गात बसून पाठ केलं होतं. ते गाव आपण पाहायला जाणार, हे तिला खरं वाटेना. "ते पडलं नसतं ना बाबू, तर तुझ्या या न्यूझीलंडला गोरे आलेच नसते," असं म्हणाली आणि परत फ्लॉवर निवडायला लागली.

तिला सांगितलंय की इथला हिवाळा नागपूरला सुनीताताईकडे काढ, सप्टेंबरात परत आणतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही. काढणारही नाही. सुनीताताईशी बोलणं झालंय. तिला म्हटलं, आईला इथं करमत नाही.

हे संघमित्रासाठी करतोय. हॉस्पिटलच्या पाळ्या करून ती थकून येते आणि घरात सासू. भांडण नाही कधी, पण मला दिसतं ना. सध्या तर दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात. संघमित्राला आईनं परत जायचं ठरवलं असं सांगितलंय. ती "बरं" म्हणाली आणि कपडे घडी करत बसली. नंतर म्हणाली, "आई गेल्या की घर कसं होईल." तिला मोकळं वाटणार, हे उघड आहे.

३ एप्रिल

कामावरून आलो तरी थोडा वेळ गाडीतच बसून राहिलो. हल्ली रोज बसतो. हीटर चालू ठेवून. मग आत गेलो. आई दाराशीच. "आलास? आज काय झालं?"

काय होणार. लॅबमध्ये चीजचे नमुने आले, तपासले, आकडे भरले. "काही नाही," म्हटलं.

संघमित्रा रात्रपाळी करून झोपलेली. आई टीव्ही बघत होती, आवाज पूर्ण बंद करून. नुसती हलणारी तोंडं बघत बसली होती. काही मनाविरुद्ध झालं की ती असं काहीतरी करते. विचारलं नाही.

१० एप्रिल

आईचं सामान बांधलं. थंडीचे सगळे कपडे घेतले तिनं. नागपूरच्या मे महिन्यात कशाला, असं विचारलं तर म्हणे, इथं ठेवले तर कसर लागेल. लायब्ररीतली मराठी पुस्तकं परत दिली. बागेत घालायचे गमबूट शेजारच्या बाईंना देऊन आली. मी निर्धास्त झालो. तिला काही कळलेलं दिसत नाही, नाहीतर एवढ्या शांतपणे आवरलं नसतं.

उत्पलानं आज्जीचं ऑनलाइन चेक-इन कसं करायचं ते तिला तिच्याच फोनवर दाखवलं. चौदा वर्षांची पोर, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. मी खोलीत गेलो तेव्हा दोघी गप्प झाल्या. उत्पला माझ्याकडे न बघता "एक्स्क्यूज मी, डॅड" म्हणून निघून गेली. वयच तसं आहे.

१४ एप्रिल, अवोन्डेल

सगळे काल गाडीनं ऑकलंडला आलो. मुक्काम दादारावांकडे. दादाराव म्हणजे इथल्या आपल्या मंडळींचे वडीलधारे, निवृत्त इंजिनिअर. सकाळी त्यांच्या घराजवळच्या रविवारच्या बाजारात गेलो. तारोचे कंद, केळीची पानं, कोथिंबिरीच्या जुड्या, जुन्या जँडल्स म्हणजे रबरी चपला, सगळं एका मैदानावर. आईला हा बाजार फार आवडतो. तिनं कढीपत्त्याचं रोप घेतलं आणि संघमित्राच्या हातात दिलं. "थंडीत आत ठेवशील. पाणी कमी. मरू नको देऊस." संघमित्रानं रोप छातीशी धरलं आणि मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, एवढं जड कशाला घेतलंत, असं तिला म्हणायचं असावं.

दुपारी हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम. मुलांची भाषणं, मग आईला बोलायला सांगितलं. तिला वाटलं असतं तर ती बाबासाहेबांवर तासभर बोलली असती. पण थोडंच बोलली. शेवटी समोरच्या एकेकाचं नाव घेऊन म्हणाली, तुम्ही मला इथं परकं वाटू दिलं नाही. बायका डोळे पुसायला लागल्या.

जेवताना दादाराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "आई निरोप घेतल्यासारख्या बोलल्या रे."

"सप्टेंबरला येणार आहे ती," मी म्हटलं.

दादाराव भावुक माणूस आहेत.

पण ताटातलं वरण तसंच राहिलं. एवढ्या लोकांसमोर, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, मी सप्टेंबर म्हणालो.

१७ एप्रिल, इस्तंबूल

काल पोचलो. हॉटेल सुलतानअहमत भागात, उताराच्या दगडी गल्लीत. खोलीच्या खिडकीतून एका बाजूला मशिदीचा मनोरा आणि खाली समुद्राचा तुकडा.

आई पाचवारी साडी, त्यावर उत्पलाचं जुनं पफर जॅकेट आणि पायात स्नीकर्स अशी तयार झाली. रस्त्यात ट्युलिपचे ताटवे, प्रत्येक पायरीवर मांजर. आई प्रत्येक मांजराशी बोलत होती. तिचा गुडघा दुखत होता हे मला चालण्यावरून कळत होतं, पण ती कबूल करेना. निळ्या मशिदीच्या अंगणात बसलो. एक म्हातारी तुर्की बाई शेजारी येऊन बसली, तिनं आईच्या पदराचा काठ बोटांनी चाचपला, आईनं तिच्या रुमालाचा. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि हसत होत्या. घरी मी तिला असं हसताना बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

हॉटेलच्या माणसाला न्यूझीलंड म्हटल्यावर त्यानं विचारलं, गॅलिपोलीला जाणार का, अँझॅक डेला. या दिवसांत किवी लोक त्यासाठीच येतात म्हणे. आईला समजावून सांगितलं, पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडचे सैनिक इथंच येऊन मेले, त्यांचा तो स्मृतिदिन. गेल्या वर्षी ती उत्पलाबरोबर पहाटे उठून गावातल्या स्क्वेअरवर अँझॅक डेला गेली होती, कोटावर लाल पॉपीचं फूल लावून. म्हणाली, "एवढ्या लांब येऊन मेली पोरं. आणि आया तिकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला."

ती सैनिकांबद्दलच बोलत होती. मी मात्र उगाच चहाचा पेला फिरवत बसलो.

१८ एप्रिल

आज आयासोफिया. खाली नमाज चालते, प्रवाशांना वरच्या सज्ज्यात सोडतात. चढ बराच आहे. मी दोनदा म्हटलं, थांबूया. ती भिंतीला हात लावत चढत राहिली.

वर गेल्यावर मात्र ती कठड्याला धरून उभी राहिली ती राहिलीच. खाली हिरवट गालिचा, वर घुमट, चारही बाजूंना हौदाएवढ्या गोल फळ्यांवर सोनेरी अरबी अक्षरं. आणि आमच्या मागच्या भिंतीवर, चुना उडालेल्या जागेतून बाहेर आलेला येशू, सोनेरी तुकड्यांचा. आधी चर्च, मग मशीद, मग संग्रहालय, आता पुन्हा मशीद. मी फोनमधून वाचून दाखवत होतो. आईनं हातानं थांबवलं.

"पुस्तकात एक ओळ होती याची," म्हणाली. "मी एका ओळीत आटपायची. पोरं विचारायची, बाई, मग त्या गावातल्या लोकांचं काय झालं? मी म्हणायची, परीक्षेला नाही ते."

मग कठड्यावरून खाली बघत, "राहिलेच असतील ना त्यातले काही. राजा बदलला म्हणून घर कुठं बदलतं?"

मी तिचे फोटो काढले. सगळ्यांत ती छान दिसतेय. संघमित्राला पाठवले. तिनं लगेच फोन केला नाही, नुसतं लिहिलं, "आईंना औषध दिलंस का?" दिलं नव्हतं.

१९ एप्रिल

बोटीनं कादिक्यॉयला गेलो. इकडून बसायचं, युरोप. तिकडे उतरायचं, आशिया. लोक बोटीत बसून चहा पितात, सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचे, तुकडे करून सीगल्सना टाकतात, जणू रोज खंड बदलणं म्हणजे सिटी बस. आईला हे फार मजेशीर वाटलं. किनारा लागला तेव्हा म्हणाली, "आपल्या बाजूला आलो."

तिकडच्या बाजारात ऑलिव्ह, लोणची, मासे. तिनं चिंचेसारखं काहीतरी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. खरं तर चांगला दिवस होता. परतताना बोटीच्या उघड्या बाकावर बसलो होतो. वारा होता. मी तिला माझा मफलर दिला.

तिनं विचारलं, "सप्टेंबरात कोणत्या तारखेचं आहे माझं?"

"अजून ठरवलं नाही. काढू. भाव बघून."

"काढशील ना?"

"काढीन की."

ती समोरच्या किनाऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला पटलं.

एवढं मोठं शहर दाखवतोय तिला. माझ्या ओळखीतल्या कुणाच्या मुलानं आईला असं काही दाखवलेलं नाही. मग गुन्हा केल्यासारखं का वाटतंय, ते कळत नाही.

२० एप्रिल

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

सकाळी नाश्ता झाल्यावर मी खाली सिमित आणि फळं आणायला गेलो. आईचा गुडघा सुजला होता, म्हणून तिला खोलीतच राहा म्हटलं. येताना पाहिलं तर दार लोटलेलं. आतून संघमित्राचा आवाज, स्पीकरवर. तिकडे संध्याकाळ होती.

"आई, तुम्ही नको, असं मी कधी म्हटलं? कधी तोंड तरी वाकडं केलं का? मैत्रेयनं मला सांगितलं, तुम्हालाच परत जायचंय. तुम्ही ठरवलंय म्हणून. मी तर रुसले होते तुमच्यावर. एका शब्दानं मला विचारलं नाहीत म्हणून."

आई म्हणाली, "मला वाटलं तुला झोप होत नाही माझ्यामुळं. म्हणून तर टीव्हीचा आवाज बंद ठेवत होते मी."

"ते बघून मला वाटायचं, तुम्हाला आमच्या घरात काही गोडच लागत नाही."

आई म्हणाली, "ठेव आता. पोरीला जेवायला घाल. मी बोलते त्याच्याशी."

मी पिशवी घेऊन दारात उभा होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. वर्गात एखाद्या मुलाची पाटी कोरी निघाली की ती जशी बघायची, तशी बघत होती.

"बस."

बसलो.

"परतीचं तिकीट नाही, हे मला माहीत आहे. उत्पलानं फोनवर बघितलं तेव्हाच सांगितलं तिनं. आज्जी, यू हॅव ओन्ली वन वे. रडत होती पोर. मीच म्हटलं, बोलू नको कुणाला."

"मग तू का नाही बोललीस? काल बोटीत विचारलंस—"

"काल विचारलं ते तू खरं सांगशील म्हणून."

म्हटलं, संघमित्राची दगदग, घर लहान, तुझी एकटीची काळजी. एकामागून एक. ती ऐकून घेत होती.

"संघमित्राला नको झाले असते तर मला समजलं असतं," ती म्हणाली. "परक्या घरची लेक, तिचं चुकलं नसतं. म्हणून मी गप्प बसले. तिचा राग नको धरायला म्हणून गप्प बसले. तूच असशील, असं नव्हतं वाटलं रे."

मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा ती सिमित तोडून खात होती. माझ्यासाठी अर्धं ठेवलं होतं.

२१ एप्रिल

संघमित्रा माझा फोन उचलत नाही.

आई म्हणाली, भिंत बघायची राहिली. टॅक्सी करून तटबंदीला गेलो. शहराच्या टोकाला, मोठ्या रस्त्याच्या कडेनं मैलोनमैल तट पसरलाय, कुठं शाबूत, कुठं ढासळलेला. भिंतीच्या बुडाशी लोकांनी कांद्याचे आणि लेट्यूसचे वाफे केलेत. आई सावकाश एका बुरुजापर्यंत गेली आणि दगडावर तळहात टेकवून उभी राहिली. मी गुडघ्याचं काही बोललो नाही.

ती एका दगडावर बसल्यावर मी म्हटलं, "आई, सांगतो."

आणि सांगितलं. की संध्याकाळी घरी आलो की तू दारात असतेस. विचारतेस, आज काय झालं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. लॅबमध्ये माझ्या मागून आलेली मुलं वरच्या पदांवर गेली, मी तिथंच आहे, तेच नमुने तपासतोय. तू गावभर सांगत होतीस, माझा मुलगा न्यूझीलंडला शास्त्रज्ञ आहे. तुझ्यासमोर रोज त्याच दारातून आत यायचं मला जमत नव्हतं. तू नसतीस तर कुणी विचारलं नसतं.

हे बोलेपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं. मी खरंच समजत होतो की संघमित्रासाठी करतोय.

आई वाफ्यात काम करणाऱ्या माणसाकडे बघत होती.

"मला तुझी बातमी नको होती," ती म्हणाली. "दिवसभरात माझ्या तोंडून मराठी शब्द निघायचा नाही. संघमित्रा झोपलेली, पोर शाळेत. तू आलास की कुणीतरी बोलेल, एवढंच असायचं. तू म्हणायचास, काही नाही. मग मी आत जायची."

मी म्हटलं, आत्ताच तिकीट काढतो परतीचं. फोन बाहेर काढला.

"नको."

"आई—"

"आता काढशील ते तुला वाईट वाटतंय म्हणून. मी नागपूरला जाते. यायचं की नाही ते मी ठरवीन. तू माझ्यासाठी पुन्हा काही ठरवायचं नाही, बाबू."

बाबू म्हणाली. ते ऐकून जास्त त्रास झाला.

२४ एप्रिल, नागपूर

विमानतळावर सुनीताताई आणि भावजी आले होते. बाहेर नुसता जाळ. ताईनं आईला मिठी मारली आणि म्हणाली, "तिकडे करमत नव्हतं म्हणे तुला?"

मी बॅगेचं चाक बघत होतो.

"हो ना," आई म्हणाली. "थंडी फार. हाडं दुखून राहिली होती."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मुलांना आयुष्यभर खोटं बोलू नका म्हणून शिकवत आलेली बाई, माझ्यासाठी खोटं बोलली. इतकं सहज की ताईला शंकाही आली नाही. ताई मला म्हणाली, "बरं झालं आणलंस. एवढी फिरवून आणलीस, किती करतोस तू आईसाठी."

भावजींनी माझ्या हातातली बॅग घेतली. मी देऊन टाकली.

५ मे, पामर्स्टन नॉर्थ

परत येऊन आठवडा झाला. घर शांत आहे. जसं हवं होतं तसं.

संघमित्रा आल्या दिवशी एवढंच बोलली: "मी नको म्हटलं, असं भासवलंस आईंना. आणि त्यांनी नको म्हटलं, असं मला. दोघींना एकमेकींपासून तोडलंस, आणि तू मध्ये चांगला राहिलास." मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी नंतर माग." अजून मागू दिलेली नाही.

उत्पला माझ्याशी बोलते, पण गरजेपुरतं. परवा तिला शाळेत सोडताना म्हटलं, आज्जीची आठवण येते का. ती म्हणाली, "शी वॉज माय पर्सन, डॅड." आणि दार लावून गेली.

मी कामावरून येतो, दार उघडतो. कुणी काही विचारत नाही.

१२ मे

रविवारी आईचा फोन येतो, संघमित्राला. स्वयंपाकघराचं दार लावून दोघी बोलतात. मी हॉलमध्ये कपडे वाळत घालतो. हसण्याचा आवाज येतो. इथं एका छपराखाली राहत होत्या तेव्हा एवढ्या हसल्या नव्हत्या. शेवटी उत्पला फोन घेते आणि आज्जीला मराठीत सांगायचा प्रयत्न करते. क्रियापदं सगळी चुकतात. आई दुरुस्त करते. फोन माझ्यापर्यंत येत नाही. मी मागितला नाही.

आज संघमित्राला विचारलं, आईनं परत यावं असं तुला वाटतं का. ती म्हणाली, "मला विचारायला दोन वर्षं होती तुला. माझं उत्तर आईंना माहीत आहे. आता तुझं तू बघ."

१९ मे

आज मीच फोन केला. संघमित्रा ड्युटीवर, उत्पला मैत्रिणीकडे. मागच्या पायरीवर बसून केला. तिकडे सकाळ.

आईनं हॅलो म्हटलं आणि थांबली. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही. म्हटलं, "आज काय झालं सांगू?"

"सांग."

मग सांगत बसलो. गेल्या आठवड्यात लॅबमध्ये एक नमुना माझ्या हातून पडला, सगळं पुन्हा करावं लागलं, साहेब काही बोलला नाही पण बघत होता. इथं पानं गळून गेलीत, डोंगरावरच्या पवनचक्क्या धुक्यात दिसत नाहीत. संघमित्रा अजून नीट बोलत नाही. आई मधे मधे "हं" म्हणत होती. तिथं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, ताई कुणावर तरी ओरडत होती.

शेवटी विचारलं. "आई, तू येशील का परत?"

"संघमित्रा ये म्हणते. पोर तर रोज म्हणते." ती थांबली. "तुला पाहिजे आहे का मी?"

"हो," मी म्हटलं.

पण लगेच नाही म्हटलं. मध्ये एक क्षण गेला. फोनमुळे नव्हे, माझ्यामुळे गेला. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून मी आत बघायला गेलो होतो, तो 'हो' खरंच आहे का, आणि तो शोधायला तेवढा वेळ लागला. मला तो क्षण ऐकू आला. तिलाही आला असणार. कोणतं मूल उत्तर येतं म्हणून हात वर करतं आणि कोणतं नुसतंच, हे तिला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं.

वाटलं, फोन ठेवला.

मग ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पुन्हा विचार."